शेवटचे कडवे



या व्यासपीठावरून आजवर विद्वान मंडळी बोलून गेली. आमची शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण लातूरच्या आडत बाजारात, पोत्यांवरची अक्षरे वाचीत झाले. तेव्हा 'गाणे आणि त्याची कॅसेट' हा विषय संगीताच्या अंगाने मांडणे आम्हांला जमणार नाही. आम्ही तो मजुरीच्या अंगाने मांडू. ज्याने काम केले त्याचे नाव त्या कामावर राहते की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

नांदेडकरांना हा प्रश्न नवा वाटू नये. 1708 साली याच नगरीत गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथाला गुरुपद दिले. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत. मुलूख बदलला, लिपी बदलली, शतके लोटली. परंतु पद कोणाचे, असे विचारण्याची पाळी कोणावर आली नाही. कारण नामदेवांनी आपले नाव पदाच्या पोटातच विणून ठेवले होते. ते जातीचे शिंपी. न उसवणारा टाका कुठे घालावा हे त्यांना ठाऊक होते! संतांपाशी छापखाना नव्हता आणि कायदाही नव्हता. शेवटच्या ओळीतील नाव हाच त्यांचा सातबारा होता.

हाच टाका पुढे शाहिरांनी घेतला. वामनदादा कर्डक यांचे उदाहरण घ्या. 1922 साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्म, मग मुंबईत गिरणीतले काम. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, दुकानांवरच्या पाट्या वाचता वाचता. 1943 पासून 2004 साली डोळे मिटेपर्यंत त्यांनी हजारो गाणी रचली आणि गावोगाव फिरून गायिली. गाण्याच्या शेवटी 'वामन' हे नाव यावयाचे. श्रोतेही त्या नावाची वाट पाहत. नाव आले म्हणजे गाणे पुरे झाले, आणि कोणाचे तेही कळले.

आता यंत्राकडे येऊ. जुनी 78 फेऱ्यांची तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे वाजे. आमच्याकडील जलशातले गाणे दहा-दहा मिनिटे चालते. शाहीर कडवे टाकतो, झीलकरी पालुपद उचलतात, मध्येच चार शब्द गद्यात सांगून होतात. एवढे सारे साडेतीन मिनिटांत बसवावयाचे तर काहीतरी कापणे भागच आहे. अमेरिकेत वुडी गथ्री नावाचा एक फिरस्ता कवी-गायक होऊन गेला. दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची गाणी त्याने 1940 साली तबकड्यांवर भरली. त्यांतील टॉम जोड या माणसाची कथा एका बाजूत मावेना. तेव्हा त्याने गाणे कापले नाही, ते दोन बाजूंवर भरले. ऐकणाऱ्याने मध्ये उठून तबकडी उलटावी. पण कथा पुरी ऐकावी! हा निर्णय आम्हांला फार मोठा वाटतो. का, ते पुढे सांगतो.

1980 नंतर कॅसेट आली आणि गाणे स्वस्त झाले. तबकडी काढणे बड्या कंपनीचेच काम होते. कॅसेट एका खोलीत भरता येई. मराठवाड्यात तर तिने फार मोठे काम केले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै 1978 मध्ये विधिमंडळात झाला आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला 14 जानेवारी 1994 रोजी. याच नांदेडात नोव्हेंबर 1993 मध्ये गौतम वाघमारे यांनी त्यासाठी स्वतःला जाळून घेतले. त्या साऱ्या काळात जी उमेद टिकली तिच्यात चहाच्या टपरीवर वाजणाऱ्या भीमगीतांचा वाटा होता, हे आम्ही कानांनी ऐकलेले सांगतो.

आता आमची गोष्ट. 1996 साली हमालीच्या दरासाठी आमच्या संघटनेने संप केला. आमच्यात एक हमाल शाहीर होते. दुपारी पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून ते गाणी रचीत आणि हलगीवर म्हणून दाखवीत. आम्ही ठरविले की यांची कॅसेट काढावयाची. वर्गणी जमवली आणि नांदेडला एका खोलीत एका रात्रीत आठ गाणी भरली. यंत्रावरच्या माणसाने ऑर्गन घातला. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. शेवटचे गाणे सर्वांत लांब. फीत संपत आली. तो म्हणाला, "एक कडवं कमी करा." शाहिरांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "करा कमी." त्यांनी शेवटचे कडवे सोडले. त्यांचे नाव त्या कडव्यात होते. वेष्टनावर आम्ही संघटनेचे नाव छापले, झेंडा छापला, वर्गणीदारांची यादीही छापली. शाहिरांचे नाव छापण्याचे कोणाच्याही मनात आले नाही, आमच्याही नाही.

गंजगोलाईत सोळा रस्ते मिळतात. तिथे आम्ही ती कॅसेट वाजवली. लोक उभे राहिले, परंतु पालुपद कोणी उचलले नाही. एक म्हातारे हमाल म्हणाले, "गाणं ग्वाड झालंय. पण यातलं वझं उतरलंय." आम्ही ऑर्गनला दोष दिला. वाद्यावर राग काढणे सोपे असते. 1965 साली बॉब डिलनने न्यूपोर्टच्या मेळाव्यात विजेची गिटार हाती घेतली, तेव्हा तिथेही लोकांनी हुर्यो उडवली. परंतु ती गाणी टिकलीच. दोष वाद्याचा नव्हता. ज्याचे ओझे त्याचेच नाव आम्ही उतरवून ठेवले होते.

दुसऱ्याच्या हमालीतून चार आणे कापले गेले तर आम्ही मोर्चा नेतो. 1969 चा माथाडी कायदा आम्हांला तोंडपाठ. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 57 वे कलम आहे, आणि हक्क विकले तरी रचना आपली म्हणण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो असे ते सांगते, हे आम्ही वाचले ते शाहीर वारल्यानंतर!

दोन वर्षांपूर्वी ते गाणे पुन्हा भरावयाचे ठरले. शेवटचे कडवे कुठेच लिहिलेले नव्हते. ते मिळाले बाजारात धान्य चाळणाऱ्या बायांपाशी. त्या चाळणीच्या तालावर ते म्हणत आल्या होत्या, नावासकट. मग आम्ही शाहिरांच्या घरी गेलो. वहिनींना म्हणालो, "आमचं चुकलं." त्या म्हणाल्या, "भाऊ, आता नाव लावून मजुरी वाढणार हाय का? पण लावा. नातू ऐकंल." येथे मात्र त्यांचे नाव आम्ही उच्चारीत नाही, कारण भाषणात मिरवू नका असे वहिनींनी बजावले आहे. ज्याला हवे त्याने गाणे शेवटपर्यंत ऐकावे.

बंधुभगिनींनो, आता कॅसेट गेली. गाणे मोबाईलवर आले आहे. आता वेळेची अडचण नाही; तरीही लोक अर्धा मिनिट ऐकून पुढे जातात, आणि रचणारा पुन्हा मागेच राहतो. म्हणून आमची विनंती एवढीच की गाणे आवडले तर शेवटच्या कडव्यापर्यंत थांबा. तिथे कोणीतरी आपली मजुरी मागत उभा असतो.