‘मला ओळखलंस का?’ असं विचारू नका

आज डिमेन्शियाबद्दल बोलूया. आजीला भेटायला कोणी आलं की पहिला प्रश्न असतो, ‘मला ओळखलंस का?’ आजी गोंधळते, ओशाळते. म्हणून मी म्हणतो, परीक्षा घेऊच नका. सरळ सांगा, ‘आजी, मी तुझा नातू.’

या आजारात बहुधा अलीकडचं आधी पुसलं जातं. हाताला बसलेली कामं, लहानपणीची भाषा बरेचदा जास्त काळ टिकते. आपल्या वसईत ती भाषा कादोडी असेल, नाहीतर वाडवळी. तुम्ही इंग्रजी शाळेत शिकलात, तरी तिच्याशी तिच्या बोलीत बोला. वाडीतला मोगरा ओवायला द्या. हार वाकडा झाला तर होऊ दे.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ बघा. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे विद्वान आहेत, आता सगळं विसरत चाललेले. ते हत्तीमागे जातात आणि हरवतात. माहुताची बायको त्यांना सांभाळते. त्यांची विद्वत्ता तिला ठाऊकही नसते, तरी ती मायेनं वागते.

आजी अजून सांगू शकतेय ना? मग तिला विचारून, तिच्याच बोलीतल्या गोष्टी आजच फोनवर रेकॉर्ड करा. पुढे तिलाच ऐकवता येतील. भेटू पुढच्या भागात!