पापिनचें भांडें आणि गोमांसाचें जेवण

इ. स. १६८२ च्या एप्रिल महिन्याच्या १२ तारखेस लंडनच्या रॉयल सोसायटीचे कांहीं सभासद एका मेजवानीस जमले होते. जॉन एव्हलिन हा त्यांपैकींच एक. त्यानें आपल्या रोजनिशींत या जेवणाची हकीकत लिहून ठेवली आहे. मासे व मांस, सर्व कांहीं एका फ्रेंच गृहस्थानें बनविलेल्या बंद भांड्यांत शिजविलेलें होतें. बैलाचीं कठीण हाडें चीजसारखीं मऊ झालीं होतीं, आणि कोळसा लागला होता आठ औंसांहूनही, म्हणजे सुमारें वीस तोळ्यांहूनही, कमी! शेवटीं त्या हाडांचीच स्वच्छ जेली वाढण्यांत आली. एव्हलिनला ती इतकी आवडली कीं, तिचा एक पेला त्यानें घरीं पत्नीकडे धाडला. विद्वानांच्या त्या पंक्तींत हंशाही पुष्कळ पिकला.

हें भांडें करणारा डेनिस पापिन १६४७ सालीं फ्रान्समधील ब्ल्वा शहराजवळ जन्मला. वैद्यकाची पदवी घेऊनही त्याचें मन रोग्यांपेक्षां यंत्रांत अधिक रमलें. पॅरिसमध्यें हायगेन्सच्या व लंडनमध्यें रॉबर्ट बॉइलच्या हाताखालीं काम केल्यावर १६७९ त त्यानें आपलें ‘पाचकयंत्र’ रॉयल सोसायटीपुढें मांडलें. जाड धातूचें नळकांडें आणि त्यावर मळसूत्रानें आवळलेलें झांकण, एवढ्यानें भांडें झालें असतें. पण तें स्वयंपाकघरांत ठेवण्याजोगें झालें नसतें. कोंडलेल्या वाफेस वाट मिळाली नाहीं, तर ती भांडें फोडून वाट काढते, आणि चुलीपुढें बसलेल्या माणसाच्या जिवावर बेततें. पापिननें झांकणास लहान भोंक ठेवून त्यावर झडप बसविली व ती वजन टांगलेल्या तरफेनें दाबून धरली. दाब मर्यादेपलीकडे गेला कीं, वाफ झडप उचलून बाहेर पडे. आपल्याकडील कुकरच्या डोक्यावर डुलणारी शिट्टी या झडपेच्याच वंशांतली. आंतील उष्णता अजमावण्याची त्याची युक्ति तर फारच मौजेची. झांकणावरील खळग्यांत पाण्याचा थेंब टाकावा, आणि तो आटेपर्यंत लंबकाचे झोके मोजावेत!

जून, चिवट मांस आणि टाकाऊ हाडें माणसाच्या उपयोगीं पडावींत, हा त्याचा हेतु होता. हाडांच्या जेलीविषयींची त्या काळची आशा मात्र अवास्तव ठरली. नुसत्या जेलीवर शरीराचें पोषण होत नाहीं, असें पॅरिसमधील माझांदी यांच्या समितीनें १८४१ त दाखवून दिलें. चिवट मांसाच्या बाबतींत मात्र पापिनचें म्हणणें अक्षरशः खरें आहे.

समुद्रसपाटीस उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांवर उकळतें, आणि कितीही जाळ केला तरी त्याहून अधिक तापत नाहीं. दाब वातावरणाच्या दुप्पट केला, तर तें सुमारें १२० अंशांवर उकळतें. बैलाच्या पायाच्या व खांद्याच्या मांसांत संयोजी तंतु फार असतात. उष्णतेनें ते विरघळून त्यांचें जिलेटिन होतें. उघड्या भांड्यांत या क्रियेस तीन तास लागतात. दाबाखालीं पाऊण तास पुरतो. स्वस्त तुकडा रुचकर होतो तो असा.

महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईच्या व २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीस बंदी आहे, आणि अनेक घरांत हें मांस मुळांतच वर्ज्य. तेव्हां पुढील कृति इंग्लंडांतील स्वयंपाकघराची समजावी.

किलोभर मांसाचे मोठे तुकडे प्रथम कोरडे पुसून तापल्या चरबींत चांगले तांबूस परतावे लागतात. ही पायरी गाळणाऱ्या गृहिणीच्या ताटांत मऊ पण फिकट, बेचव मांस येतें; कारण तांबूस खरपूसपणा १४० अंशांच्या आसपास येतो, आणि वाफेंत तेवढी उष्णता कधींच नसते. मग कांदा, तमालपत्र, मिरीं, मीठ व दीड-दोन पेले पाणी. भांडें दोन-तृतीयांशाहून अधिक भरूं नये. फेंस झडपेंत शिरून ती तुंबते, आणि तुंबलेली झडप म्हणजे झडप नसल्यासारखीच. दाब पुरा चढला कीं आंच मंद करून तेथून पंचेचाळीस मिनिटें मोजावींत. तिकडील बहुतेक भांडीं शिट्टी देत नाहींत, त्यामुळें हिशेब घड्याळाचा.

यानंतरची घाई सर्वांत वाईट. वाफ एकदम सोडली, तर आंतील रस्सा उसळतो आणि मांस कोरडें, दोरीसारखें होतें. भांडें विस्तवावरून उतरून दाब आपोआप ओसरूं द्यावा. झांकण बळानें ओढूं नये. बटाटे व गाजरें घालावयाचीं तीं आतां, आणि पुन्हां पांच मिनिटें दाबाखालीं ठेवावयाचीं. प्रथमपासून घातलीं, तर त्यांचा लगदा होतो. मांस बाहेर काढून तंतूंना आडवें कापावें, आणि राहिलेल्या रश्श्यांत चमचाभर मैदा पाण्यांत कालवून लावला कीं, तो उघड्या भांड्यांत चार-पांच मिनिटांत दाट होतो.