रंग, प्रकाश आणि निदान
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



येवला हा आपल्या निफाडच्या शेजारचा तालुका. तेथे पैठणी घ्यावयास गेलेले चोखंदळ गिऱ्हाईक दुकानातील दिव्याखाली पदर पाहून समाधान मानीत नाही. ते वस्त्र दारापाशी, उजेडात नेते. वस्त्राच्या बाबतीत आपण दाखवितो तो विवेक रुग्णाच्या बाबतीतही दाखवावा, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

रंग केवळ वस्तूत नसतो. तिच्यावर पडणारा प्रकाश, भोवतालची पार्श्वभूमी आणि पाहणाऱ्याचा मेंदू या तिहींच्या मेळातून तो घडतो. पॅरिसच्या गोबेलिन्स कारखान्यातील काळा रंग फिका असल्याची तक्रार आली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांना आढळले की दोष रंगाचा नसून शेजारच्या रंगांचा आहे. १८३९ मध्ये त्यांनी हा विचार ग्रंथरूपाने मांडला. शस्त्रक्रियागृहातील हिरव्या कापडामागेही असेच कारण आहे. तांबड्या रक्ताकडे पाहून शिणलेल्या नजरेला पांढऱ्या कापडावर हिरवट छाया तरंगताना दिसतात. हिरव्यावर त्या जाणवत नाहीत.

परंतु हा विषय आमच्या जिव्हाळ्याचा झाला तो नवजात बाळांमुळे. एका बाळाची कांती केतकी म्हणून घरी कौतुक चालले होते. बाळंतिणीची खोली बंद, दिवा पिवळा. चौथ्या दिवशी बाळाला ओसरीवर आणताच आजीच्याच लक्षात आले की ही कांती नव्हे, कावीळ आहे. सुदैवाने वेळेत उपचार झाले.

असे का घडते? कावीळ झालेली त्वचा निळा प्रकाश अधिक शोषते, म्हणून ती पिवळी दिसते. पिवळ्या दिव्यात निळा अंश मुळातच अल्प. त्यामुळे निरोगी व आजारी त्वचेतील फरक पुसट होतो. शिवाय मेंदू दिव्याचा पिवळेपणा वजा करून पाहतो. त्या वजाबाकीत बाळाचा पिवळेपणाही निसटतो. बिलिरुबिन फार वाढल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निसटण्याचे मोल कळते.

म्हणून आमची विनंती अशी : बाळाला रोज दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, पांढऱ्या कापडावर निजवून पाहावे. कपाळावर बोट हलकेच दाबून उचलावे. डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्याही पाहाव्यात. सावळ्या बाळांत हे विशेष आवश्यक. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसल्यास, तो तळपायांपर्यंत उतरल्यास किंवा बाळ दूध ओढेनासे झाल्यास क्षणाचाही विलंब नको. कोवळे ऊन हा उपचाराला पर्याय नव्हे. आणि डोळा केवळ शंका घेऊ शकतो. कावीळ किती, हे तपासणीच सांगते.

रुग्णसेवेत महागड्या यंत्रांचे स्थान मोठे आहेच. पण उघडी खिडकीही तितकीच मोलाची आहे. ती उघडण्यास पैसा लागत नाही, जाण लागते. ती जाण घरोघरी पोहोचविण्यास आपण साहाय्य करावे, ही प्रार्थना.