राखीव हात : रिलीफ पिचर आणि चेन्नईतील डावखुरे फिरकी गोलंदाज

बेसबॉलच्या सामन्यात फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. तो क्रिकेटमधील गोलंदाजाचा जवळचा नातलग असला, तरी दोघांच्या कामाची वाटणी निराळ्या तत्त्वावर झालेली आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाज दोन टोकांकडून आलटून पालटून षटके टाकतात आणि बाजूला गेलेल्या गोलंदाजाला कर्णधार पुन्हा बोलावू शकतो. बेसबॉलमध्ये मात्र एका वेळी एकाच पिचरच्या हाती चेंडू असतो आणि त्याला सामन्यातून काढले की त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपतो. सामना सुरू करणारा पिचर थकला किंवा त्याला मार बसू लागला, की मैदानाच्या कडेला बुलपेन नावाच्या जागेत हात मोकळा करत असलेल्या दुसऱ्या पिचरला पाचारण केले जाते. हाच रिलीफ पिचर, आणि त्यांच्यातील जो अखेरच्या नवव्या डावात संघाची थोडक्यातील आघाडी टिकवण्यासाठी येतो तो क्लोजर.

या दुसऱ्या माणसाच्या कामाची स्वतंत्र मोजणी व्हावी, असे शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांना वाटले आणि त्यांनी सुचवलेली सेव्हची मोजणी 1969 पासून अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलने अधिकृत मानली. तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी हाती घेऊन किमान एक डाव टाकणाऱ्या आणि सामना जिंकेपर्यंत मैदानावर राहणाऱ्या पिचरच्या नावावर, स्थूलमानाने सांगायचे तर, एक सेव्ह मांडली जाते. आघाडी त्याच्या हातून निसटली तर तेही मांडले जाते. या हिशेबामुळे त्याच्या कारकिर्दीचे चढउतार उघड्यावर आले. ब्रॅड लिज यांचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. 2005 मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजचा संघ प्रथमच वर्ल्ड सिरीजमध्ये जाण्यापासून अवघा एक बळी दूर असताना त्यांच्या चेंडूवर सेंट लुईस संघाच्या आल्बर्ट पुहोल्स यांनी तीन धावांचा होमरन मारला आणि तो सामना गेला; 2008 मध्ये फिलाडेल्फिया फिलीजकडून त्यांनी नियमित हंगाम आणि त्यानंतरचे सामने मिळून 48 पैकी 48 सेव्ह पूर्ण केल्या आणि संघ विजेता ठरला; लगेच पुढच्या हंगामात त्यांच्या हातून 11 आघाड्या निसटल्या. तीन-चार वर्षांत एकच माणूस इतका वर आणि इतका खाली गेला, हे आज नेमके सांगता येते, कारण त्याच्या कामासाठी नोंदवहीत रकाना होता. 1985 मध्ये हॉइट विल्हेम हे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळवणारे पहिले रिलीफ पिचर ठरले, आणि 652 सेव्ह नावावर असलेले न्यूयॉर्क यँकीजचे मारियानो रिव्हेरा 2019 मध्ये तेथे पोहोचले तेव्हा एकही मत त्यांच्या विरोधात गेले नाही.

क्रिकेटमध्ये असा रकाना नाही, आणि तो असण्याची सोयही नाही. कसोटी सामन्यात अकरा खेळाडूंची नावे नाणेफेकीपूर्वी ठरतात आणि बाहेर बसलेला राखीव गोलंदाज केवळ क्षेत्ररक्षणासाठी आत आला, तर त्याला एक षटकही टाकता येत नाही. रिलीफ पिचरचे अपयश हजारोंच्या डोळ्यांदेखत घडते. राखीव गोलंदाजाला अपयशी होण्याचीदेखील संधी मिळत नाही. अशा माणसाच्या कारकिर्दीचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न चेन्नईत जितक्या स्पष्टपणे पुढे येतो तितका फार थोड्या ठिकाणी येत असेल, कारण महाराष्ट्रातून आलेल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांच्या कारकिर्दीतील काही ठळक दिवस याच शहरात घडलेले आहेत.

त्यांतील पहिला दिवस 12 जानेवारी 1964 चा. मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर नाशिकच्या बापू नाडकर्णी यांनी इंग्लंडविरुद्ध लागोपाठ 21 षटके निर्धाव, म्हणजे एकही धाव न देता टाकली आणि 32 षटकांत केवळ 5 धावा दिल्या. बळी एकही मिळाला नाही; तरीही हा दिवस क्रिकेटच्या इतिहासात राहिला. मुंबईच्या संघात डाव्या हाताच्या फिरकीची जागा तेव्हा नाडकर्णींची होती, आणि 1940 साली जन्मलेला एक तरुण त्याच शहरात शिवाजी पार्कच्या मैदानावर तीच कला घोटत होता. पद्माकर शिवलकर, मैदानावरच्या बोलीत पॅडी, यांनी 1961-62 च्या हंगामात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पाऊल ठेवले. परंतु मुंबईत नाडकर्णी पुढे होते, आणि ते बाजूला होण्याच्या सुमारास भारतीय संघात बिशनसिंग बेदी स्थिरावले होते. एका रांगेतून सुटून दुसऱ्या रांगेत उभे राहण्याचा हा योग शिवलकर यांच्या वाट्याला आला.

चेन्नईच्या चेपॉक मैदानावरील 1972-73 चा रणजी करंडकाचा अंतिम सामना हा या विषयाचा गाभा आहे आणि त्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. मुंबईने त्याआधी सलग 14 वेळा करंडक जिंकला होता. समोर तामिळनाडूचा संघ होता, मैदान त्यांचे होते, आणि त्यांच्याकडे श्रीनिवास वेंकटराघवन व व्ही. व्ही. कुमार असे दोन अव्वल फिरकी गोलंदाज होते. खेळपट्टी कशी होती हे धावफलकच सांगतो : मुंबई 151 आणि 113, तामिळनाडू 80 आणि 61. चार डावांत मिळून 405 धावा झाल्या, मुंबई 123 धावांनी जिंकली आणि पंधरावे सलग विजेतेपद तिच्या नावावर लागले. शिवलकर यांनी पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्या डावात 18 धावांत 5 बळी घेतले, म्हणजे सबंध सामन्यात 34 धावांत 13. दुसऱ्या डावातील उरलेले पाच एकनाथ सोलकर यांनी टिपले.

चेंडू वळणाऱ्या खेळपट्टीवर बळी मिळणारच, असे म्हणून या आकड्यांची किंमत कमी करणे चुकीचे ठरेल. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा नेहमीचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर वळतो, आणि खेळपट्टी फार साथ देऊ लागली की तो इतका वळतो की बॅटची कड घेण्याऐवजी तिच्यापासून लांबून निघून जातो. फलंदाज चकतो, प्रेक्षक हळहळतात, धावफलक मात्र हलत नाही. अशा वेळी गोलंदाजाला स्वतःच्या फिरकीला आवर घालावा लागतो, टप्पा फलंदाजाला पुढे खेचेल पण पोहोचू देणार नाही इतका नेमका ठेवावा लागतो, आणि मधूनच न वळता हाताच्या रोखाने सरळ आत येणारा चेंडू टाकून यष्टींचा व पायचीतचा धाक कायम ठेवावा लागतो. हे भान सुटले तर तीच खेळपट्टी गोलंदाजाला अधीर करते. त्याच खेळपट्टीवर वेंकटराघवन आणि कुमार यांच्यासारखे गोलंदाज समोर असताना दोन डावांत मिळून 34 धावा देणे, याचा अर्थ सैल चेंडू जवळजवळ पडलाच नाही, असा होतो. कसोटी सामना न खेळलेल्या माणसाची कसोटी म्हणून दुसरे काही दाखवायचे असेल, तर हाच सामना दाखवला पाहिजे.

या सामन्याची आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही. त्या मैदानावर रांगेत मागे राहिलेले शिवलकर एकटेच नव्हते. व्ही. व्ही. कुमार यांनी फेब्रुवारी 1961 मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध पदार्पणाच्या कसोटीत 64 धावांत 5 बळी घेतले, त्याच वर्षी त्यांनी आणखी एक कसोटी खेळली, आणि प्रथम श्रेणीत 599 बळी घेणाऱ्या या लेगस्पिनरला तिसरी कसोटी कधीच मिळाली नाही. वेंकटराघवन यांनी 57 कसोटी खेळल्या, पण त्यांचे आणि एरापल्ली प्रसन्ना यांचे काम एकच, ऑफस्पिनचे, असल्यामुळे दोघांत नेहमी तुलना होत राहिली. डिसेंबर 1974 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध भारताचे नेतृत्व करणारे वेंकट पुढच्याच कसोटीत बारावे खेळाडू होते. चेन्नईच्या श्रोत्यांना हा प्रसंग नवा नसेल. पण रिलीफ पिचरच्या आयुष्यातही इतकी तीव्र उलथापालथ एका सामन्याच्या अंतरात क्वचितच होत असेल.

शिवलकर यांच्याबद्दल बोलताना ते बेदींच्या काळात जन्मले हे त्यांचे दुर्दैव, असे एक वाक्य सहज उच्चारले जाते आणि तेथेच विचार थांबतो. बेदी यांचा दर्जा वादातीत आहे. 67 कसोटींत 266 बळी घेणाऱ्या गोलंदाजाला हलवून दुसऱ्याला जागा द्या, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न निराळा आहे. प्रसन्ना आणि वेंकटराघवन हे एकाच जातीचे गोलंदाज असूनही कित्येकदा एकत्र खेळवले गेले, मग डावखुऱ्या गोलंदाजांची जोडी का नको होती? ती पूर्णपणे नकोशी नव्हती, हे 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावरून दिसते, कारण पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयात बेदी आणि सलीम दुराणी दोघेही होते; परंतु दुराणी फलंदाजही होते. बेदी आणि फिरकी गोलंदाज चंद्रशेखर हे दोन तळाचे फलंदाज संघात असताना तिसऱ्या तशाच फलंदाजाला जागा देण्याचे धाडस निवड समितीने केले नाही, हे समजण्यासारखे आहे. पण जेव्हा बेदीच नव्हते, तेव्हाचे काय? 1974 मध्ये बेंगळूरच्या कसोटीतून शिस्तीच्या कारणावरून बेदींना वगळले गेले, हरियाणाचे डावखुरे फिरकी गोलंदाज राजिंदर गोयल यांना बोलावले गेले, आणि प्रत्यक्ष अकरा जणांत प्रसन्ना, वेंकट व चंद्रशेखर हेच तिघे फिरकी गोलंदाज उतरले. रणजी करंडकात विक्रमी 637 बळी घेणारे गोयल त्यापेक्षा कसोटीच्या जवळ कधी गेले नाहीत. जागा रिकामी झाली तरी राखीव माणसाला ती मिळतेच असे नाही, आणि म्हणूनच सारा दोष काळावर टाकून निवड करणाऱ्यांना मोकळे सोडणे योग्य नाही.

रांग खरोखर पुढे सरकली तेव्हा काय झाले, हेही चेपॉकनेच दाखवले. बेदी 1979 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर संघाबाहेर गेले आणि सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध मद्रासला डावखुऱ्या दिलीप दोशी यांना वयाच्या 31 व्या वर्षी पहिली कसोटी मिळाली. त्यांनी पहिल्या डावात 103 धावांत 6 आणि सामन्यात 8 बळी घेतले आणि पुढे 33 कसोटींत 114 बळींपर्यंत मजल मारली. इतकी वर्षे बाहेर राहिलेला गोलंदाज आल्या आल्या हे करू शकत होता, याचा अर्थ रांगेतील माणसांची तयारी कमी नव्हती. शिवलकर त्या वेळी 39 वर्षांचे होते. त्यांच्या 124 प्रथम श्रेणी सामन्यांत 589 बळी झाले, प्रत्येक बळीमागे 19.69 धावा पडल्या, आणि 1987-88 च्या हंगामात, वयाच्या 47 व्या वर्षी, मुंबईने त्यांना पुन्हा मैदानात उतरवले. रिलीफ या शब्दाला क्रिकेटमध्ये याहून शब्दशः अर्थ क्वचित मिळाला असेल. सुनील गावसकर यांनी आपल्या आयडल्स या पुस्तकात शिवलकर आणि गोयल या दोघांनाही आदर्शांच्या मालिकेत बसवले, आणि 2017 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल 2020 मध्ये आणि शिवलकर 3 मार्च 2025 रोजी निवर्तले.

संधी मिळाली म्हणजे सारे सुरळीत होते, असाही समज करून घेऊ नये. डोंबिवलीचे डावखुरे फिरकी गोलंदाज नीलेश कुलकर्णी यांनी ऑगस्ट 1997 मध्ये कोलंबोत कसोटीतील आपल्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टू यांना बाद केले, आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यानंतर सनथ जयसूर्या आणि रोशन महानामा यांनी 576 धावांची भागीदारी केली, दोन संपूर्ण दिवस एकही बळी पडला नाही, श्रीलंकेने 6 बाद 952 वर डाव सोडला आणि कुलकर्णींच्या नावापुढे 70 षटकांत 195 धावा आणि तो एकच बळी उरला. 2001 च्या मार्चमध्ये अनिल कुंबळे खांद्याच्या दुखापतीमुळे नसताना ते चेपॉकवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळले, आणि तीच त्यांची तिसरी व अखेरची कसोटी ठरली. हरभजनसिंग यांनी त्या सामन्यात 15 बळी घेतले, तेव्हा दुसऱ्या टोकाकडून धावा रोखण्याचे काम कुलकर्णी आणि त्या कसोटीत पदार्पण करणारे मुंबईचे लेगस्पिनर साईराज बहुतुले यांच्याकडे आले होते.

त्याच सामन्यात मुंबईचा आणखी एक राखीव खेळाडू उतरला होता. नयन मोंगिया जखमी असल्यामुळे समीर दिघे यांनी वयाच्या 32 व्या वर्षी यष्टिरक्षक म्हणून कसोटीत पदार्पण केले. 155 धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना मधली फळी कोसळली, तेव्हा त्यांनी एक बाजू धरून ठेवली, आणि आठ गडी बाद झाले असताना भारताने सामना व मालिका जिंकली. बेसबॉलमध्ये अशा कामाची नोंद ठेवणारी स्वतंत्र मोजणी आहे. कसोटीच्या धावफलकावर दिघे यांच्या नावासमोर नाबाद 22 एवढेच लिहिलेले आहे.