हक्क ठाऊक हवा, सोबत माणूस हवा
(जळगाव येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, शिरपूर अशा गावांहून तुम्ही आलात. मला विषय दिला आहे, दिव्यांग विद्यार्थी आणि उच्च शिक्षण. आधी एक प्रश्न विचारते. तुमच्या मोहल्ल्यात कोणत्या घरात अंध मूल आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचा पाय अधू आहे, हे तुम्हाला माहीत असतं. त्यातलं कोणी आज कॉलेजात आहे का? बहुतेकांनी मान हलवली नाही, हे मला इथून दिसतंय.

आकडेही तेच सांगतात. उच्च शिक्षणाच्या 2020-21 च्या सरकारी सर्वेक्षणात देशभरात 4 कोटी 13 लाखांवर विद्यार्थी होते. त्यात दिव्यांग सुमारे 79 हजार, म्हणजे हजारात दोन. 2011 च्या जनगणनेत दिव्यांगांचं प्रमाण शंभरात दोनपेक्षा जास्त होतं. त्याच सर्वेक्षणात मुस्लिम विद्यार्थी आदल्या वर्षीच्या 21 लाखांवरून 19 लाख 21 हजारांवर उतरले होते. मूल मुस्लिम आहे, दिव्यांग आहे आणि वर मुलगी आहे, तर तिच्या वाट्याला काय येत असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

आपल्याकडे अंध मुलासाठी एक रस्ता ठरलेला आहे. त्याला हिफ्जला बसवायचं. उर्दूत तर नाबीना माणसाला आदराने 'हाफिजजी'च म्हणतात. कुराण पाठ करणं ही मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जो मुलगा सहा हजारांवर आयती तोंडपाठ करतो, त्याची स्मरणशक्ती बी.ए.च्या अभ्यासाला कमी पडेल का? मग त्याची तालीम तिथेच का थांबते? आणि अंध मुलीसाठी तर तोही रस्ता क्वचितच उघडतो.

सूरह अबसचा प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम हे अंध सहाबी शिकायला आले, तेव्हा पैगंबर साहेब कुरैशच्या बड्या लोकांशी बोलत होते. अंध माणसाकडे लक्ष दिलं गेलं नाही म्हणून खुद्द कुराणात ताकीद आली. पुढे हेच इब्न उम्म मक्तूम मदिनेत अजान देत आणि पैगंबर बाहेरगावी गेले की अनेकदा मदिनेचा कारभार त्यांच्याकडे सोपवलेला असे. ते शिकायला आले होते, खैरात मागायला नाही. आपण मात्र दिव्यांग माणूस दिसला की सदक्याचा विचार करतो. त्याच्या फीचा, पुस्तकाचा, परीक्षेचा विचार करत नाही.

आता कायद्याकडे येऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता 21 आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलही त्यात आहेत. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल किती आहे, हे धुळे-नंदुरबारच्या मंडळींना सांगायला नको. अॅसिड हल्ल्यात जखमी झालेल्या व्यक्ती आहेत, ऑटिझम आहे, वाचण्या-लिहिण्यातली अक्षमताही आहे. वर्गात 'ढ' म्हणून मागे बसवलेल्या एखाद्या मुलाला खरं तर डिस्लेक्सिया असू शकतो.

या कायद्याचं कलम 32 लिहून ठेवा. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यासाठी दिव्यांगत्व किमान 40 टक्के असावं लागतं. प्रवेशाच्या कमाल वयातही पाच वर्षांची सवलत आहे. कलम 23 प्रमाणे सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, आणि अनुदानित संस्थाही त्या व्याख्येत येतात. कॉलेजच्या खिडकीवर 'आमच्याकडे असं काही नसतं' असं उत्तर मिळालं, तर त्या अधिकाऱ्याचं नाव लेखी मागा.

या सगळ्याची चावी म्हणजे प्रमाणपत्र. जून 2021 पासून ते ऑनलाइन, यूडीआयडी पोर्टलवरूनच मिळतं. अर्ज घरून किंवा सेतू केंद्रातून भरता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. इथेच आपली मुलं अडकतात. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. शेख कधी पुढे, कधी मागे. बापाची यंत्रमागावरची मजुरी बुडते, म्हणून तपासणीला कोणी नेत नाही. अशी एक हुशार मुलगी माझ्या पाहण्यात आहे. बारावीला चांगले गुण होते, पण प्रमाणपत्र हातात आलं तोवर प्रवेशाची मुदत संपली होती आणि तिचं अख्खं वर्ष गेलं. म्हणून निकालाची वाट बघू नका. दहावीतच अर्ज भरा.

परीक्षेबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेण्याचा हक्क असूनही घेतला नाही, तरी हा वेळ मिळतो. अंध, दोन्ही हातांनी दिव्यांग आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांनी मागितला की लेखनिक द्यायचा, असं ऑगस्ट 2018 च्या सूचनांत होतं. इतरांना लिहिता येत नसल्याचा सरकारी डॉक्टरांचा दाखला लागत असे.

आणि 40 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर? विकास कुमार नावाच्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे. लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ 40 टक्क्यांची अट पुरी होत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. ऑगस्ट 2022 मध्ये त्यासाठी वेगळ्या सूचनाही निघाल्या. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याला वाचादोष 40 टक्क्यांहून जास्त म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, नुसती टक्केवारी बघू नका, हा मुलगा अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का ते तपासा.

लेखनिकाला कमी लेखणाऱ्यांना मी बहिणाबाईंची आठवण करून देते. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या बोलत, गात, आणि मुलगा सोपानदेव व घरची माणसं लिहून घेत. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या, पुढच्या वर्षी पुस्तक आलं. त्यांचं नाव आज आपल्या विद्यापीठाला आहे. कविता लिहून घेणाऱ्याची झाली का? नाही, ती बहिणाबाईंचीच राहिली. योगायोग असा की 3 डिसेंबर हाच जागतिक दिव्यांग दिन आहे.

आपली एक खास अडचणही आहे. मूल उर्दू माध्यमातून येतं, कॉलेजात पेपर मराठीत किंवा इंग्रजीत. ते सांगतं उर्दू वळणाच्या मराठीत, आणि लेखनिकाला ते उमगत नाही. इथे तुमच्याइतकं उपयोगी कोणी नाही. तुम्हाला दोन्ही भाषा येतात. फक्त लेखनिकाच्या शिक्षणाची अट आधी वाचून घ्या. तो सहसा परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो. म्हणजे टी.वाय.च्या मुलासाठी अकरावी-बारावीचे तुम्हीच!

पैशांचं थोडक्यात सांगते. महाडीबीटीवर दिव्यांगांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. केंद्राची वेगळी आहे, ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. तिला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत लागतं. डिप्लोमा-इंजिनिअरिंगवाल्यांना 'सक्षम' योजनेतून वर्षाला 50 हजार मिळतात, उत्पन्नमर्यादा आठ लाख. पीएच.डी.साठी दिव्यांगांची राष्ट्रीय फेलोशिप आहे. अल्पसंख्याकांची मौलाना आझाद फेलोशिप 2022 मध्ये बंद झाली, तेव्हा हे दार माहीत असणं आणखी गरजेचं झालं.

अभ्यासाच्या साहित्याचं म्हणाल, तर एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट आहे. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो 2006 मध्ये सुरू केला. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानेही दिव्यांगांसाठी पुस्तक ऑडिओ किंवा ब्रेलमध्ये करायला मुभा दिली आहे. 'सुगम्य पुस्तकालय' त्यावरच उभं आहे.

मूळच्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रांजल पाटील सहाव्या वर्षी दृष्टी गेल्यावर ब्रेलवर शिकल्या, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुढे जेएनयूमध्ये गेल्या. 2016 मध्ये यूपीएससी झाल्या, पण अंध म्हणून रेल्वेने नोकरी नाकारली. पुढच्या वर्षी 124 वा क्रमांक मिळवून आयएएस झाल्या. त्यांची जिद्द तर आहेच. पण झेवियर्समध्ये अंध विद्यार्थ्यांसाठी 2003 पासून स्वतंत्र केंद्र आहे, ही गोष्टही त्यांच्या गोष्टीसोबत सांगत जा. आपल्या जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' प्रकल्प दिव्यांग विद्यार्थ्यांना निवासी राहून शिकवतो. आपली किती मुलं तिथवर पोहोचली, तेही एकदा जाऊन विचारा.

शेवटी तीन कामं सांगते. ईदच्या आधी आपल्या मोहल्ल्यातल्या 15 ते 25 वयाच्या दिव्यांग मुलामुलींची यादी करा. मुलींची माहिती आपल्या बहिणींनी घरात जाऊन घ्यावी, बाहेरून हाक मारून कळणार नाही. दुसरं, प्रत्येक कार्यकर्त्याने एका मुलाला प्रमाणपत्र मिळेपर्यंत सोबत करावी. तिसरं, लेखनिक व्हायला तयार असलेल्यांनी आज जाताना नाव, वर्ग आणि येणाऱ्या भाषा लिहून द्याव्यात.

परीक्षेचे फॉर्म लवकरच निघतील. यादी त्याआधी झाली पाहिजे.

खुदा हाफिज. जय संविधान.