सार्वजनिक वर्गणी आणि राजकीय खटपट

ग्रंथालयासाठीं वर्गणी मागितली, तर देणाऱ्याच्या मनांत किंतु येत नाहीं. पैशाचें काय झालें तें डोळ्यांना दिसतें. पण तोच पैसा राज्यकर्त्यांचें मन वळविण्यासाठीं खर्चावयाचा असेल, तर तें रास्त काय? या वादाचा इतिहास पाहूं गेल्यास रत्नागिरी जिल्ह्याचीं दोन नांवें पुढें येतात. लोकमान्य टिळक १८५६ सालीं रत्नागिरी शहरांत जन्मले. नामदार गोखले १८६६ सालीं गुहागर तालुक्यांतील कोतळूक येथें.

१८८९ सालीं लंडनमध्यें काँग्रेसची ब्रिटिश कमिटी स्थापन झाली. त्याच वर्षीं मुंबईच्या अधिवेशनानें या कार्यासाठीं ४५,००० रुपये मंजूर केले, आणि पुढील वर्षीं तिचें ‘इंडिया’ हें पत्र निघालें. १९०५ सालीं गोखले काँग्रेसतर्फे इंग्लंडला गेले ते अशाच कामासाठीं. कायदे जेथें होतात तेथेंच गाऱ्हाणें मांडलें पाहिजे, हा या पक्षाचा युक्तिवाद साधा व सबळ होता.

जहाल पक्षाला हा मार्ग मान्य नव्हता. विनवण्यांवर होणारा खर्च घरचें लोकमत जागें करण्यावर व्हावा, असें त्याचें म्हणणें. तरी १९१८ सालीं टिळक स्वतः विलायतेस गेले व होमरूलचा प्रचार त्यांनीं तेथें केला. १९१६ सालीं, साठ वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, लोकांनीं दिलेली एक लाख रुपयांची थैली त्यांनीं राष्ट्रकार्यासच वाहिली होती. १९१९ सालीं चिरोल यांजवरील अब्रूनुकसानीचा दावा ते हरले, तेव्हां खर्चाचा भार हलका करण्यासाठीं देशांत निराळा फंड उभारण्यांत आला. एका व्यक्तीचा दावा लोकांनीं आपला मानावा काय, हा प्रश्न नाजूक खरा. पण ज्यांनीं पैसे दिले त्यांनीं तो कशासाठीं हें जाणून दिले.

१९२० सालीं नागपूरच्या काँग्रेसनें ब्रिटिश कमिटी व ‘इंडिया’ हीं दोन्ही बंद केलीं. पुढें ३० जून १९२१ पर्यंत टिळक स्वराज्य फंडाचे एक कोट रुपये जमविण्याचा संकल्प पार पडला; हा पैसा देशांतील कामासाठींच होता. यावरून गोखले चुकले असें सिद्ध होत नाहीं. पैसे मंजूर झाले तेहि उघड अधिवेशनांत, आणि बंद झाले तेहि उघड अधिवेशनांतच, ही यांतील महत्त्वाची गोष्ट.

आजहि ज्ञातिसंस्था, सहकारी मंडळ्या व ग्रामस्थ मंडळें यांच्यापुढें हाच प्रश्न येतो. रस्त्यासाठीं वा बंदरासाठीं शिष्टमंडळ राजधानीस धाडणें गैर नाहीं. कधीं कधीं न धाडणें हाच दोष ठरतो. मात्र विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठीं दिलेला रुपया न विचारतां त्या प्रवासखर्चांत जाऊं नये. अशा कामासाठीं पेटी वेगळी असावी, तिच्यावर हेतु स्पष्ट लिहावा आणि हिशेब सभेपुढें ठेवावा. मग ज्याला पटेल तो पैसे घालील. ज्याला पटणार नाहीं, त्याचाहि संस्थेवरील विश्वास ढळणार नाहीं.