भिंतीपलीकडचे चाक
(मंडळाच्या मासिक सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'मी केलेले एक छोटेसे काम' या विषयावर दहा मिनिटे बोलायला सांगितले. मी त्यांना म्हटले, "अहो, माझे काम फारच छोटे आहे. वजनाने सांगायचे तर अवघे ८४ ग्रॅमचे!" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तेच सांगा." म्हणून मी उभी राहिले आहे. मला व्याख्यान देता येत नाही. घरात बोलते तसेच बोलेन, ते गोड मानून घ्यावे.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक हॅमस्टर होता. हॅमस्टर म्हणजे काय, हे मलाही आधी ठाऊक नव्हते. उंदराहून गुबगुबीत, शेपूट जवळजवळ नाहीच, काळे मण्यांसारखे डोळे, आणि गालांत दोन पिशव्या. मिळेल तो दाणा त्या पिशव्यांत भरून बिळात नेऊन साठवायचा, हा त्याचा जन्माचा उद्योग. शेजारच्या मुलाला तो वाढदिवसाला आणला होता. रंग बेसनाच्या लाडवासारखा, म्हणून मुलाने नाव ठेवले 'लाडू'.

आमची निजायची खोली आणि त्यांची बैठकीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. हा प्राणी दिवसा झोपतो आणि रात्री जागतो. रात्री अकरा वाजले की पलीकडून 'किर्र किर्र' सुरू व्हायचे. पिंजऱ्यातल्या तारेच्या चाकावर त्याची धाव चालायची. आमच्या ह्यांची झोप आधीच सावध. शेवटी गणपतीच्या सुमारास मी शेजारणीला जिन्यात गाठले आणि जरा तोऱ्यातच म्हटले, "अगं, ते चाक तेवढे काढ बाई. आम्हां म्हाताऱ्यांना रात्रभर डोळा लागत नाही." ती गरीब स्वभावाची. "हो काकू, आजच काढते," म्हणाली, आणि तिने खरोखरच काढले. त्या रात्री आम्ही शांत झोपलो. भिंतीपलीकडे आता काय चालले असेल, हा विचार पुढे चार महिने माझ्या मनात एकदाही आला नाही.

आज मी बोलणार आहे हे त्या शेजारणीला ठाऊक आहे. ती इथेच बसली आहे, आणि तिला विचारूनच मी हे सांगते आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे करायला मी तिच्याकडे गेले. त्या वर्षी तिच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. त्यांचे सगळे अंथरुणातच करावे लागे. त्यात हिची नोकरी, मुलाची शाळा. घरभर औषधांचा वास. गॅलरीत कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, बादल्यांच्या मागे, तो पिंजरा ठेवलेला दिसला. मी वाकून पाहिले आणि माझ्या पोटात कसेसेच झाले. तळाचा भुसा ओला होऊन काळा पडला होता. वाटीत सूर्यफुलाच्या बिया तशाच पडलेल्या. लाडू कोपऱ्यात पाठ वाकवून बसला होता. पाठीवरचे केस गेले होते, कातडीला खपल्या धरल्या होत्या. खालचे दात इतके वाढले होते की तोंड मिटत नव्हते. पुढ्यात अन्न असून तो उपाशी होता.

मी काही बोलण्याआधीच शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आले. "काकू, रोज म्हणते, उद्या बघू. उद्या काही उजाडत नाही." तिला दोष द्यायला मला तोंड नव्हते. रात्रीचे चाक फिरत राहिले असते, तर निदान तो प्राणी जिवंत आहे याची आठवण सर्वांना राहिली असती. ती आठवण बंद करायला सांगणारी मीच. मी म्हटले, "मला देतेस? सांभाळते मी." हळदीकुंकवाच्या दिवशी वाण लुटायचे, आणि मी मात्र पिंजरा घेऊन घरी आले.

आमचे हे चष्मा वर करून म्हणाले, "डॉक्टरची फी द्याल, त्यात असले दोन नवे येतील." ते हिशोबाने खरेच होते. पण तो हिशोब त्यांनाही पटला नसावा, कारण दुसऱ्या दिवशी रिक्षा त्यांनीच आणली.

कुत्र्यामांजरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत. एवढ्या लहान जिवाची माहिती असलेला डॉक्टर शोधायला मात्र चार ठिकाणी दूरध्वनी करावे लागले. डॉक्टरांनी आधी त्याला काट्यावर ठेवले. ८४ ग्रॅम. त्याच्या जातीचा पुरता वाढलेला प्राणी शंभराच्या पुढे, दीडशेपर्यंतही असतो. मग दातांविषयी समजावले. या प्राण्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडायला काही कठीण मिळाले तर ते झिजतात. शिवाय वरचे आणि खालचे दात एकमेकांना नीट भिडावे लागतात, नाहीतर वेड्यावाकड्या फांद्यांसारखे वाढतात. डॉक्टरांनी ते बेताने कापून दिले आणि बजावले, "घरी नेलकटर घेऊन बसू नका. दात उभा चिरतो." पाठीच्या कातडीचा कण खरवडून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बारीक किडे होते. प्राणी अशक्त झाला की ते माजतात. त्याचे औषध वजनावरून मोजून दिले.

मी मोठ्या काळजीने दोन्ही कुशींवरचे काळे डाग दाखवले. डॉक्टर हसले. त्या गंधग्रंथी निघाल्या, उपजतच असतात!

आता माझी फजिती सांगते. जखमेसाठी म्हणून आमच्या घरात उरलेले अमॉक्सिसिलिन पाण्यात कालवून द्यावे, असा माझा बेत होता. निघता निघता सहज विचारले म्हणून बरे. डॉक्टर खुर्चीवरून उठलेच. त्या जातीच्या औषधांनी हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू वाढतात आणि प्राणी दगावू शकतो. भगिनींनो, आपल्या घरातली गोळी आपण शेजारणीला, मोलकरणीला सहज काढून देतो. त्या दिवसापासून मी ती सवय सोडली.

दुसरी चूक मायेची. थंडी म्हणून मी त्याला लोकरीची इवलीशी गोधडी केली. ती काढायला लागली. धागे पायात अडकून पाय जायबंदी होतो, आणि कापूस गालाच्या पिशवीत किंवा आतड्यात अडकतो. त्यापेक्षा बिनवासाचा मऊ कागद फाडून द्यावा. त्याचे घरटे तो स्वतः इतके नीट रचतो की आपण पाहत राहावे.

पुढचे तीन आठवडे मी सकाळ-संध्याकाळ त्याचे तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून, चिमटीने मऊ करून देत होते. कधी अंड्याच्या पांढऱ्याचा कण, कधी काकडीची फोड. कांदा, लसूण, आंबट फळे, चॉकलेट वर्ज्य. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे त्याची जिलेबी. सणासुदीला एखादी द्यावी, पोटभर नव्हे. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यासारखाच दुसरा काटा आणून दर रविवारी वजन करायचे आणि दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाशेजारी मांडायचे. ८४, ८८, ९३. मार्चअखेर १०९ झाले, त्या दिवशी ह्यांनी पेढे आणले. ते अर्थात आम्हीच खाल्ले. पाठीवर पुन्हा मऊ केस आले. दात मात्र दर काही आठवड्यांनी कापून आणावे लागत, ते शेवटपर्यंत.

या प्राण्याचे मूळ घर सीरियात, अलेप्पोच्या बाजूला. १९३० साली इझ्रायल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या शेतातले बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आणली. काळा आजाराचा अभ्यास करणाऱ्या सॉल अ‍ॅडलर यांना प्रयोगासाठी ती हवी होती. त्यातली थोडीच जगली, पण आज घरोघरी पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक त्याच वंशातले. काळा आजार हे नाव तर आपल्याच देशातले. म्हणजे आपल्यावरही या कुळाचे थोडे ऋण आहे म्हणायचे. तो जमिनीखाली खोल बीळ करून एकटाच राहतो. दुसरा जोडीला ठेवला तर दोघे एकमेकांना फाडतात. अशा जिवाला आपण हातभर पिंजऱ्यात, उघड्या उजेडात ठेवतो आणि तो चावतो म्हणून तक्रार करतो.

आम्ही त्याला मोठी पेटी केली. तळाशी वीतभर कागदाचा भुसा, एक मातीचे मडके, उन्हाळ्यात अंग टेकायला गार फरशीचा तुकडा. ऊन आणि उकाडा त्याला सोसत नाही. आणि चाक आणले. तारेच्या फटीत पाय अडकतो म्हणून बंद पृष्ठभागाचे, त्याची पाठ वाकणार नाही इतके मोठे. पहिले चार दिवस तो त्याच्याकडे फिरकलाच नाही. पाचव्या रात्री दोन वाजता ह्यांनी मला हलवून उठवले. "ऐकलेस का?" आम्ही दोघे अंधारात बसून ऐकत राहिलो. ज्या आवाजाने आमची झोप मोडत होती, तो ऐकायला आम्ही जागे होतो.

शेजारचा मुलगा रोज शाळेतून आला की आमच्याकडे येऊ लागला. त्याला मी एकच नियम सांगितला: आधी हात धुवायचे, नंतरही धुवायचे, आणि झोपलेल्याला उठवायचे नाही. पाणी बदलणे त्याच्याकडे दिले. एके दिवशी त्याने विचारले, "आजी, तो माझ्यावर रागावला असेल का?" मी म्हटले, "त्याला नजरेने फारसे दिसत नाही. वासाने माणूस ओळखतो. तू रोज ये, म्हणजे ओळखेल." ऑगस्टमध्ये लाडू त्याच्या तळहातावर येऊन बसला आणि गालातले दाणे तिथेच काढून ठेवले. मुलगा श्वास रोखून उभा होता.

या प्राण्याचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे. नवरात्रात तो गेला, झोपेतच. आवारातल्या पारिजातकाखाली मुलानेच खड्डा केला. आठ-नऊ महिने आम्हांला त्याचा सहवास लाभला. वाईट वाटले, नाही असे नाही.

आता दोन शब्द आणि पुरे. मुलांच्या वाढदिवसाला जिवंत खेळणे आणू नका. आणायचेच तर रोज पाणी कोण बदलणार, गावाला गेल्यावर कोण पाहणार, डॉक्टर कुठे आहे, हे आधी ठरवा. प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ साली केंद्र सरकारने नियम केले आहेत आणि दुकानाची नोंदणी लागते. ती आहे का, हे विचारायला संकोचू नका.

आणि शेवटचे. त्या चार महिन्यांत केवळ लाडूकडे कोणी पाहिले नाही असे नाही. भिंतीपलीकडे एक सून एकटी आजारपण काढत होती, तिच्याकडेही मी पाहिले नव्हते. पिंजरा उचलून आणल्यावर मला ते उमगले. आता आठवड्यातून दोन दुपारी मी तिच्या सासूबाईंपाशी बसते, म्हणजे तिला घटकाभर बाहेर पडता येते. मंडळातल्या आणखी कुणी एकेक दुपार दिली, तर आपल्या आवारात अशी आणखी तीन घरे आहेत. त्यांची नावे मी चिटणीसबाईंकडे देऊन ठेवली आहेत. सभा संपल्यावर त्यांना जरूर भेटा.